इलेक्ट्रिक गाडीतील थंडावा आणि ऊब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गाडीविषयी चौकशी करणारे बहुतेक जण रेंज आणि चार्जिंग या दोनच गोष्टी विचारतात. या दोन्हींमागे तापमानाचा मोठा हात असतो. खालील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. थंड देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठीचे प्रश्न स्वतंत्रपणे घेतले आहेत.

पेट्रोल गाडीचा एसी आणि इलेक्ट्रिक गाडीचा एसी यांत नेमका फरक काय?

थंडावा तयार करण्याची मूळ पद्धत दोन्हींत सारखीच आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये त्या गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तोच गॅस पसरताना केबिनमधील उष्णता शोषून घेतो. फरक कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या शक्तीत आहे. पेट्रोल गाडीत तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन मंद चालत असताना एसीही मंदावतो. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि ती थेट मोठ्या बॅटरीवर चालते. गाडी उभी असो वा धावत असो, थंडावा सारखाच मिळतो, आणि गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करता येतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. बहुतेक नव्या इलेक्ट्रिक मोटारींत हाच कॉम्प्रेसर बॅटरीलाही थंड ठेवतो. एसीच्या गॅसची एक शाखा ‘चिलर’ नावाच्या छोट्या भागाकडे जाते, तिथे बॅटरीतून फिरून आलेले कूलंट (उष्णता वाहून नेणारा द्रव) गार होते आणि पुन्हा बॅटरीकडे जाते. म्हणून अशा गाडीचा कॉम्प्रेसर बिघडला, तर प्रवाशांना घाम फुटण्यापुरते ते प्रकरण मर्यादित राहत नाही. फास्ट चार्जिंगचा वेग घटतो आणि भर उन्हाळ्यात गाडी स्वतःची ताकदही कमी करते. पेट्रोल गाडीचा एसी एखादा उन्हाळा तसाच ढकलणारे लोक आपण पाहतो. इलेक्ट्रिक गाडीत ती सवय परवडणारी नाही.

बॅटरीला थंड ठेवण्याची गरजच का पडते?

लिथियम-आयन सेलना साधारणपणे माणसाला जे तापमान मानवते तेच मानवते. ढोबळमानाने १५ ते ३५ अंश सेल्सिअस हा त्यांचा सुखाचा पट्टा आहे. त्याहून जास्त तापमानात सेलच्या आतील रासायनिक क्रिया वेगाने होतात, आणि त्यांत नको असलेल्या क्रियाही आल्या. इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर जाड होत जातो, वापरता येण्याजोगे लिथियम त्यात अडकते आणि बॅटरीची क्षमता कायमची कमी होते. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. ते चार-पाच उन्हाळ्यांनंतर दिसते, तेव्हा त्यावर उपाय उरलेला नसतो.

उष्णता दोन बाजूंनी येते. पहिली बाहेरची : चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डांबरी रस्ता त्याहून बराच जास्त तापलेला असतो, बॅटरी तर गाडीच्या तळाशी, त्या रस्त्यापासून वीतभर अंतरावर बसवलेली असते. दुसरी आतली : सेलमधून विद्युतप्रवाह वाहिला की अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते, आणि प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. फास्ट चार्जिंग, घाटाची चढण आणि ताशी १२० किलोमीटरने मारलेली दौड या तिन्ही प्रसंगी बॅटरी तापते ती याच कारणामुळे.

शिवाय पॅकमधील, म्हणजे अनेक सेल जोडून बनवलेल्या संपूर्ण बॅटरीतील, शेकडो सेल एकाच तापमानाला असणे आवश्यक असते. एका कोपऱ्यातील सेल सतत पाच-सात अंशांनी गरम राहिले तर ते लवकर म्हातारे होतात, आणि संपूर्ण पॅकची क्षमता त्या दुबळ्या सेलवर ठरते.

‘एअर कूल्ड’ आणि ‘लिक्विड कूल्ड’ बॅटरी म्हणजे काय, आणि कोणती घ्यावी?

एअर कूल्ड बॅटरीत उष्णता बाहेर काढण्याचे काम हवा करते. काही गाड्यांत त्यासाठी पंखा असतो, तर काहींत पॅकचे धातूचे आवरण आपसूक निवते तेवढाच थंडावा. लिक्विड कूल्ड बॅटरीत सेलच्या खाली किंवा मधून ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या असतात आणि त्यांतून पाणी व ग्लायकोल यांचे मिश्रण पंपाने फिरवले जाते. द्रव हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतो, आणि मुख्य म्हणजे चिलरच्या मदतीने तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार करता येतो. बाहेर ४४ अंश असताना हवेवर थंड होणारी बॅटरी ४४ अंशांच्या खाली येणार तरी कशी? या प्रश्नातच उत्तर आहे.

या बाबतीत सर्वाधिक चर्चा झालेले उदाहरण निसान लीफचे आहे. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीत बॅटरी थंड करणारी सक्रिय यंत्रणा नव्हती. जपानच्या समशीतोष्ण हवेत त्याची फारशी झळ लागली नाही. पण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या उन्हात, २०१२ च्या सुमारास अनेक मालकांच्या डॅशबोर्डवरील, बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या अपेक्षेपेक्षा फार लवकर गळू लागल्या. पुढे कंपनीने क्षमतेची हमी दिली आणि उष्णता अधिक सोसणारे सेल आणले. फिनिक्सचा उन्हाळा आणि विदर्भाचा उन्हाळा यांत डावे-उजवे करणे अवघड आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतात जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या दोन्ही गाड्या लिक्विड कूल्ड बॅटरी घेऊनच आल्या. पुढे स्वस्त गटातील टियागो ईव्हीलाही तीच सोय मिळाली. सिट्रोएन ई-सी३ मात्र एअर कूल्ड बॅटरीवर आली. रोज शहरात तीस-चाळीस किलोमीटर चालणाऱ्या आणि घरी संथ गतीने चार्ज होणाऱ्या गाडीला एअर कूल्ड बॅटरी निभावून नेते. जिला वारंवार फास्ट चार्जिंग करावे लागणार आहे किंवा जी मराठवाडा-विदर्भात वापरली जाणार आहे, ती गाडी लिक्विड कूल्डच असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शोरूममध्ये सनरूफ आणि पडद्याचा आकार पाहण्याआधी हा एक प्रश्न विचारून घ्यावा.

एसी लावल्याने रेंज नेमकी किती कमी होते?

याचे टक्क्यांत दिलेले कोणतेही एकच उत्तर दिशाभूल करणारे ठरते, कारण एसी वीज खातो ती तासाच्या हिशोबाने आणि रेंज मोजली जाते ती किलोमीटरच्या हिशोबाने. हा मुद्दा एकदा समजला की उरलेले गणित सोपे आहे.

उन्हात तापलेली गाडी गार करताना पहिली काही मिनिटे कॉम्प्रेसर तीन-चार किलोवॉट खेचू शकतो. केबिन गार झाली की तो एक-दीड किलोवॉटवर येतो. हिशोबासाठी तासाला दीड युनिट (एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास) धरू. द्रुतगती मार्गावर ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी एका तासात ९० किलोमीटर कापते, म्हणजे किलोमीटरमागे एसीचा वाटा सुमारे १७ वॉट-तास. त्या वेगाने गाडीलाच किलोमीटरमागे १५० वॉट-तासांच्या आसपास लागतात असे मानले, तर एसीचा भार साधारण ११ टक्के. हीच गाडी मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळच्या कोंडीत ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल, तर एसीचा वाटा किलोमीटरमागे १०० वॉट-तास होतो, म्हणजे गाडी चालवायला जितकी वीज लागते जवळपास तितकीच. पडद्यावरील रेंजचा आकडा भराभर खाली येतो आणि चालकाचा जीव वरखाली होतो.

प्रत्यक्षात घाबरण्याचे कारण नसते. दोन तासांच्या कोंडीत एसीने तीन युनिट खाल्ले. ३० युनिटांच्या बॅटरीत हा दहावा हिस्सा झाला, आणि त्या दोन तासांत गाडी जेमतेम ३० किलोमीटर गेली. कोंडीत रेंजचा आकडा वाईट दिसतो, परंतु कोंडीत अडकून बॅटरी संपण्याची शक्यता फार कमी असते.

एसी बंद करून काचा उघड्या ठेवल्या तर फायदा होतो का?

शहरात कमी वेगाने जाताना थोडा होतो. ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढे उघड्या काचांमुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि वाचवलेली वीज तिकडेच खर्ची पडते. एसी २० ऐवजी २५ अंशांवर ठेवणे आणि आतली हवाच फिरवणारे बटण दाबणे, हे उपाय अधिक कामाचे आहेत. लांबच्या प्रवासात अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी, नाहीतर केबिन कोंदट होते आणि चालकाला पेंग येते.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीसाठी काय करावे?

सावली मिळाली तर उत्तमच. बंद गाडीचे केबिन उन्हात ६० अंशांपर्यंत सहज जाते. बॅटरी मात्र शेकडो किलो वजनाची असल्यामुळे सावकाश तापते आणि सावकाशच निवते. दुपारी तीन तास उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी केबिनच्या दृष्टीने पाच मिनिटांत गार होते, बॅटरीच्या दृष्टीने ती रात्रीपर्यंत कोमट असू शकते.

पूर्ण चार्ज आणि कडक ऊन हे दोन्ही एकत्र येणे बॅटरीला सर्वांत जास्त बाधते. एप्रिल-मेमध्ये गावी जाताना गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर ती ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून जावे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीसाठी काही कंपन्या ठरावीक दिवसांनी १०० टक्के चार्ज करण्यास सांगतात. त्याचा उद्देश बॅटरी किती भरली आहे याचे मोजमाप अचूक राहावे हा असतो, आणि तो चार्ज गाडी घेऊन निघण्याच्या आदल्या रात्री करावा, उभी ठेवण्याआधी करू नये.

गाडी घरच्या प्लगला लावलेली असतानाच मोबाइलवरून एसी सुरू करून ठेवणे ही इलेक्ट्रिक गाडीची खरी चैन आहे. त्यासाठी लागणारी वीज बरीचशी भिंतीतून येते आणि बॅटरी निघताना भरलेलीच राहते. ज्या गाड्यांत ही सोय आहे त्यांच्या मालकांपैकी अनेक जण ती वापरतच नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

काचांवर काळी फिल्म लावण्याविषयीही विचारणा होते. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. उष्णता अडवण्यासाठी फिल्म काळीच असावी लागते असेही नाही.

फास्ट चार्जिंग करताना बॉनेटमधून मोठा आवाज येतो. हा बिघाड आहे का?

नाही. पन्नास किलोवॉटच्या चार्जरवर पाच टक्के वीज जरी उष्णतेत गेली, तरी बॅटरीत अडीच किलोवॉटचा हीटर लावल्यासारखी स्थिती होते. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी कॉम्प्रेसर आणि पुढचा पंखा दोन्ही पूर्ण वेगाने फिरतात, आणि गाडी उभी असल्यामुळे समोरून वाऱ्याची मदत मिळत नाही. आवाज त्याचा असतो. गाडी बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे चालू राहू शकतो. गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडत असतील तर ते एसीच्या कॉइलवर साचलेले हवेतील पाणी आहे. थेंब रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागत असतील तर मात्र ते कूलंट आहे, आणि गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग संथ होते ही तक्रारही रास्त आहे. बॅटरीचे तापमान वाढले की गाडी स्वतःहून चार्जरकडे कमी प्रवाह मागते. अशा वेळी चार्जर बदलून उपयोग नसतो. महामार्गावर खूप वेगाने येऊन लगेच प्लग लावण्याऐवजी शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर वेग आटोक्यात ठेवला आणि चार्जिंग चालू असताना केबिनचा एसी बंद ठेवला, तर कॉम्प्रेसरची सगळी ताकद बॅटरीला मिळते. मधे जेवण उरकून घ्यावे.

घाटात गाडी तापते का?

चढताना बॅटरी आणि मोटर दोन्हींवर भार येतो, परंतु तो मोजता येण्यासारखा आहे. खोपोली ते लोणावळा ही उंची सुमारे साडेपाचशे मीटर आहे. १६०० किलोची गाडी तेवढी वर नेण्यासाठी जवळपास अडीच युनिट केवळ उंचीपोटी लागतात. रस्त्याचा आणि हवेचा अडथळा वेगळा. सुस्थितीतील लिक्विड कूल्ड गाडीला हे काम जड नाही. रेडिएटरमधून वाफ निघत घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, हे पूर्वी हमखास दिसणारे दृश्य इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत सहसा दिसत नाही, कारण मोटर इंजिनाच्या तुलनेत फारच कमी ऊर्जा उष्णतेत वाया घालवते.

उतारावर मोटर जनरेटर होते आणि चढताना खर्च झालेल्या ऊर्जेचा बराच भाग परत बॅटरीत येतो. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ही ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि सारा भार साध्या ब्रेकवर पडतो. म्हणून लोणावळ्याहून खाली उतरायचे असेल तर तिथे शंभर टक्के चार्ज करू नये.

इलेक्ट्रिक गाडीत हीटर वेगळा का लागतो?

पेट्रोल इंजिन इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकते, आणि त्याच फुकटच्या उष्णतेवर केबिन गरम होते. इलेक्ट्रिक मोटर इतकी उष्णता देतच नाही, म्हणून ती वीज खर्चून तयार करावी लागते. यासाठी सर्वाधिक वापर पीटीसी हीटरचा होतो. त्यातील सिरॅमिकचा गुण असा, की ते ठरावीक तापमानापर्यंत गरम झाले की त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि ते स्वतःच आवरते घेते. त्यामुळे ते अतिरेकी तापत नाही. खर्चिक मात्र आहे : एक युनिट वीज दिली की जास्तीत जास्त एक युनिट उष्णता मिळते.

निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीतील काही सकाळी सोडल्या, तर महाराष्ट्रात हीटर थंडीसाठी क्वचितच लागतो. तो लागतो पावसाळ्यात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात समोरच्या काचेवर वाफ धरते, तेव्हा एसी हवेतील ओलावा काढून घेतो आणि हीटर तीच कोरडी हवा पुन्हा कोमट करतो. दोन्ही एकदम चालू असल्यामुळे जुलैमधील रेंज काहींना अनपेक्षितपणे कमी वाटते. काच स्वच्छ झाली की काचेकडचा झोत बंद करून नुसता एसी ठेवावा.

हीट पंप म्हणजे काय, आणि आपल्याकडे तो घ्यावा का?

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. तो बाहेरच्या हवेतील, मोटरमधील आणि बॅटरीतील उष्णता गोळा करून केबिनमध्ये आणतो. बाहेर शून्याच्या आसपास तापमान असताना एका युनिट विजेत तो दोन ते तीन युनिटांइतकी ऊब देऊ शकतो. पारा उणे १५ च्या खाली गेला की ही किफायत घटते आणि पुन्हा पीटीसी हीटरची साथ घ्यावी लागते. निसानने लीफमध्ये हीट पंप साधारण २०१३ च्या मॉडेलपासून दिला. टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वाय या गाडीत तो आणला आणि बॅटरी, मोटर व केबिन यांचे सारे नळ एका अनेक तोंडांच्या व्हॉल्व्हने जोडले.

पुणे, नाशिक, नागपूर, पणजी इथे केवळ हीट पंपासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ज्या कामासाठी तो असतो, ते काम इथे वर्षातून फार थोडे दिवस पडते.

कॅनडा, अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्यांनी थंडीत काय काळजी घ्यावी?

तिथे प्रश्न उलट असतो. थंड सेलमधील लिथियमचे आयन मंदावतात, रोध वाढतो आणि बॅटरी दिलेली वीज सहज घेत नाही. शून्याखालील सेलमध्ये जबरदस्तीने प्रवाह ढकलला, तर लिथियम इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. त्यातून क्षमता घटते आणि सुरक्षिततेलाही धोका पोहोचतो. म्हणूनच गाडी आधी बॅटरी गरम करते आणि मगच वेगाने चार्जिंग होऊ देते.

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, तेव्हा हेच घडले होते : अनेक गाड्या गारठलेल्या बॅटरीसह येऊन उभ्या राहिल्या आणि एकेका चार्जिंगला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. याउलट नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथला हिवाळा काही शिकागोहून सौम्य म्हणता येणार नाही. फरक सवयींचा आणि घरोघरी असलेल्या चार्जरचा आहे. गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवावी, निघण्याची वेळ ॲपमध्ये घालावी म्हणजे बॅटरी व केबिन भिंतीतल्या विजेवर गरम होतात, आणि फास्ट चार्जरला जाताना तो नेव्हिगेशनमध्ये टाकावा, म्हणजे ज्या गाड्यांत सोय आहे त्या वाटेतच बॅटरी तापवू लागतात. केबिनची सगळी हवा गरम करण्यापेक्षा सीट आणि स्टिअरिंगचे हीटर वापरणे कितीतरी स्वस्त पडते. हिवाळ्यात रेंज वीस-तीस टक्क्यांनी कमी होईल असे धरूनच बेत आखावा.

एसीचा गॅस बाहेरच्या गॅरेजमध्ये भरून घेतला तर चालेल का?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वांत महागडी चूक इथेच होते. पेट्रोल गाडीच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पीएजी प्रकारचे तेल असते. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मोटर आणि तिचे वेटोळे गॅस व तेलाच्या मिश्रणातच बुडालेले असते, आणि त्या वेटोळ्यात काही शे व्होल्टचा दाब खेळत असतो. म्हणून तिथे वीज न वाहणारे पीओई तेल वापरतात. गॅरेजमधील गॅस भरण्याच्या यंत्राच्या नळीत आधीच्या गाडीचे थोडेसे पीएजी तेल राहिले आणि ते आत गेले, तर वेटोळ्याच्या विद्युत-आवरणाचा (इन्सुलेशनचा) रोध घटू शकतो. गाडीची सुरक्षा यंत्रणा हा रोध सतत तपासत असते; तो मर्यादेखाली गेला की ती चूक दाखवते आणि काही वेळा गाडी सुरूच होऊ देत नाही. शेवटी कॉम्प्रेसर बदलण्याची पाळी येते.

त्यामुळे बॉनेटखालील स्टिकर वाचावे. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. भारतात अजून अनेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे. त्याची तापमानवाढ करण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असल्यामुळे युरोपीय संघाने २०१७ पासून तो नव्या मोटारींत बंद केला आणि तिथे आर-१२३४वायएफ रूढ झाला. एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही. केशरी रंगाच्या जाड केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात. प्रशिक्षण नसलेल्या कारागिराला, तो कितीही ओळखीचा असला तरी, त्यांना हात लावू देऊ नये.

कूलंट कमी झाले तर साधे पाणी घालावे का?

घालू नये. नळाच्या आणि बोअरवेलच्या पाण्यातील क्षार अरुंद वाहिन्यांत साचतात आणि वीजही वाहून नेतात. काही गाड्यांत बॅटरीसाठी मुद्दाम कमी विद्युतवाहकतेचे कूलंट वापरतात, ज्याचा रंग आणि भाव दोन्ही वेगळे असतात. पातळी एकदाच किंचित खाली गेली असेल तर योग्य प्रकारचे तयार कूलंट भरावे. पुन्हा खाली गेली तर गळती शोधावी. बंद नळ्यांतील कूलंट कारणाशिवाय कमी होत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही अशी यंत्रणा असते का?

बहुतेक स्कूटरमध्ये नसते. ॲल्युमिनियमचे आवरण आणि धावताना लागणारा वारा एवढ्यावरच बॅटरी निवते. म्हणून काळजी चालकाने घ्यायची असते : लांबून आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून मग चार्जिंग लावावे, उन्हात चार्ज करू नये, आणि काढता येणारी बॅटरी घरात आणत असाल तर ती गॅसच्या शेगडीजवळ, पलंगाखाली किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेत ठेवू नये.

एसटी आणि शहर बसगाड्यांचे काय?

पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या ताफ्यात फेब्रुवारी २०१९ पासून इलेक्ट्रिक बस आहेत. एसटीची पहिली ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. बसचा एसी छतावर असतो आणि त्याचा भार मोटारीच्या कितीतरी पट असतो. शहरी बसचे दार दर थांब्याला उघडते आणि गरम, दमट हवा आत शिरते. महामार्गावरील बसला हा त्रास कमी असतो. उन्हाळ्यातील शहरी फेऱ्यांचे वेळापत्रक आखताना एसीचा खर्च वेगळा धरावा लागतो तो याचसाठी.

उन्हामुळे बॅटरी पेट घेते का?

केवळ हवेतील उष्णतेने सुस्थितीतील बॅटरी पेटत नाही. सेलच्या आत बिघाड सुरू होण्यासाठी तापमान ८०-१०० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि दोन इलेक्ट्रोडमधील प्लास्टिकचा पडदा वितळतो तो सुमारे १३० अंशांपासून पुढे. तिथपर्यंत मजल जाते ती सेलमधील उत्पादनदोष, अपघातातील मार, पॅकमध्ये शिरलेले पाणी किंवा नियंत्रणाबाहेर गेलेले चार्जिंग यांमुळे. एकदा एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो. एलएफपी सेल या बाबतीत निकल असलेल्या एनएमसी सेलपेक्षा अधिक सहनशील असतात, मात्र त्यांनाही अभय नाही.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. दुचाकी-तिचाकींसाठीचा एआयएस-१५६ आणि मोटारी-बससाठीचा एआयएस-०३८ ही मानके पुण्यातील एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रकाशित करते. त्यांतील वाढीव अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलची आग पॅकभर पसरते का याची चाचणी आणि चालकाला आगाऊ इशारा या गोष्टी त्यांत आल्या. म्हणून जुने, विशेषतः या तारखांपूर्वी बनलेले स्वस्त वाहन घेताना अधिक सावध असावे. तळातून फुसफुस आवाज, पांढरा धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर सामान न काढता सर्वांना उतरवून दूर व्हावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला गाडी इलेक्ट्रिक असल्याचे आवर्जून सांगावे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना थंड करणारी यंत्रणा कशी तपासावी?

शक्य असेल तर दुपारी जावे. एसी सर्वांत कमी तापमानावर लावून गाडी वीस मिनिटे चालवावी आणि तशीच फास्ट चार्जरला लावावी. दहा-पंधरा मिनिटांत पंखा आणि कॉम्प्रेसर जोरात सुरू झाले पाहिजेत आणि बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असताना चार्जिंगचा वेग अचानक कोसळता कामा नये. कूलंटच्या बाटलीतील पातळी आणि रंग पाहावा. गढूळ किंवा गंजासारखा रंग म्हणजे कोणीतरी साधे पाणी ओतलेले आहे. पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे साचलेले असतील तर ते धुऊन निघतात, त्यावरून भाव पाडण्याचे कारण नाही. गाडीचा तळ लिफ्टवर चढवून पाहावा आणि बॅटरीच्या आवरणावर दगडाचा मार बसून खोलगट झालेला भाग आहे का ते तपासावे, कारण थंडाव्याच्या पट्ट्या अनेक गाड्यांत अगदी त्याच्याच वर असतात. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते, परंतु ती दुसऱ्या मालकाकडे जशीच्या तशी येते की नाही, हे कंपनीनुसार बदलते आणि त्याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून घेण्यापेक्षा हमीपत्रात वाचलेले बरे.